डिस्लेक्सिया (वाचायला-लिहायला शिकणं जड जाण्याची अडचण) असलेल्या मुलीसाठी मॉन्टेसरी शाळा घ्यावी की वॉल्डॉर्फ?

मॉन्टेसरी आणि वॉल्डॉर्फ या शिकवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत, पण शाळेच्या पाटीवरचं नाव बघून ठरवू नका. एकाच पद्धतीच्या दोन शाळांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

मॉन्टेसरीत खरखरीत कागदाची अक्षरं बोटाने गिरवत त्यांचा आवाज म्हणायचा असतो. डिस्लेक्सियात याचा उपयोग होतो. पण तिथे काम मूल स्वतः निवडतं आणि वाचन जड जाणारं मूल नेमकं तेच टाळतं. वॉल्डॉर्फमध्ये औपचारिक वाचन साधारण सातव्या वर्षी सुरू होतं. दडपण कमी, हे खरं. पण अडचण उशिरा लक्षात येण्याचा धोकाही तितकाच. तुमच्या मुलीचं निदान झालेलं असेल, तर नुसतं 'थांबून बघू' मला पटत नाही.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना आवाज आणि अक्षर यांची सांगड पायरीपायरीने, स्पष्टपणे शिकवावी लागते. ऑर्टन-गिलिंगहॅम ही त्यातली जुनी पद्धत. म्हणून शाळेला थेट विचारा: असं शिकवायला प्रशिक्षित माणूस कोण? आठवड्यातून किती वेळा? प्रगती कशी मोजता? 'आम्ही प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष देतो' एवढंच उत्तर आलं, तर पुढची शाळा बघा. आणि हो, एक पूर्ण दिवस मुलीला वर्गात बसू द्या. शाळा नाही म्हणाली तर कारण विचारा.