अंडं अडलंय की कोंबडी खुडूक झालीय? : वाचकांचे प्रश्न

परसात दोन-चार कोंबड्या पाळणाऱ्या इंदूरच्या घरांतून या वेळी आलेले बहुतेक प्रश्न अंड्यांचे आहेत. जवळजवळ प्रत्येकानं लिहिलंय, 'कॅल्शियम सुरू केलं आहे.' कोंबडी उचलून शेपटीखाली काय दिसतं ते मात्र फारसं कुणी पाहिलेलं नाही. सुरुवात तिथून करायची.

आमची दोन वर्षांची पांढरी कोंबडी गेल्या आठवड्यात सकाळपासून पिसं फुलवून, शेपटी पाडून उभी होती. दहादा खोक्यात जायची नि रिकामीच बाहेर यायची. संध्याकाळी एकदाचं अंडं घातलं. पुन्हा असं झालं तर शेजारच्या आजी सांगतात तसं एरंडेल पाजू का? (राजेंद्रनगर)

नको. एरंडेल आतड्यात जातं आणि अंडं असतं अंडनलिकेत. या दोन वाटा एकत्र येतात त्या अगदी शेवटी, गुदद्वारापाशी. एरंडेलानं जुलाब होतील, अंडं जागचं हलणार नाही.

तुम्ही वर्णन केलंय ते अडलेल्या अंड्याचंच. पण आधी खात्री करा. कोंबडी बगलेत धरा, शेपटी पुढच्या बाजूला. गुदद्वाराखाली दोन टोकदार हाडं लागतात, त्यांच्या आसपास पोट हलक्या हातानं चाचपा. मोठ्या लिंबाएवढी टणक गाठ लागली तर ते अंडं. नाही लागली, तर पातळ हातमोजा घाला, बोटाला लिक्विड पॅराफिन (औषधाच्या दुकानातलं बुळबुळीत तेल) लावा आणि बोट सरळ आत, खाली न वळवता, दोन पेरं घाला. गुळगुळीत कवच लागतं. कवच धरलेलंच नसेल तर पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं लागतं, आणि असं मऊ अंडं जास्त अडतं, कारण स्नायूंना त्यावर पकड मिळत नाही.

मग माणसांची ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची, डी३ असलेली गोळी घ्या आणि तिचे दोन तुकडे एकामागून एक चोचीत ठेवा, ती गिळते. स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं, म्हणून इथे ते हवंच. पातळ औषध घशात ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ठसका लागून औषध फुप्फुसात जाईल. नंतर टबात ३८ ते ४० अंशांचं, कोपराला ऊबदार लागेल असं पाणी घ्या आणि पोट बुडेल इतपत पाण्यात तिला १५-२० मिनिटं बसवा. दोन मिनिटं धडपडेल, मग डोळे मिटून घेईल. पुसून कोरडी करा, गुदद्वाराला आतून थोडं पॅराफिन लावा आणि अंधाऱ्या, उबदार खोक्यात एक-दोन तास एकटी ठेवा. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघायचा मोह आवरा. तेवढ्या वेळात अंडं आलं नाही तर शेक आणि खोकं पुन्हा एकदा.

दुसऱ्या शेकानंतरही आलं नाही, पाय लटपटू लागले किंवा तुरा निळसर झाला, तर थांबू नका. आत दाबलेलं अंडं पायांच्या नसा आणि मूत्राची वाट दाबतं, आणि एका दिवसात जीव जाऊ शकतो. डॉक्टर कॅल्शियमचं इंजेक्शन आणि गरज असेल तर अंडनलिका आकुंचवणारं औषध देतात. हे दुसरं औषध दुकानातून आणून स्वतः टोचू नका. वाट बंद असताना दिलं तर नलिका फाटते. पोट दाबून अंडं फोडण्याचा प्रयत्नही नको, कवचाचे तुकडे आतून कापतात.

आमची कोंबडी दिवसभर खोक्यात बसून असते, जवळ गेलं की फुगून गुरगुरते, छातीची पिसं उपटलीत, खाणंही कमी झालंय. हेही अंडं अडणंच का? (सुदामानगर)

नाही, खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीनं बसून आहे. ओळखायची खूण शिटेत आहे. खुडूक कोंबडी दिवसातून एक-दोनदाच उठते आणि एक भलामोठा, भयंकर वासाचा गोळा टाकते. अंडं अडलेल्या कोंबडीची शीट मात्र थोडी-थोडी, पातळ, पिसांना चिकटलेली असते. शिवाय खुडूक कोंबडी उचलली तर चिडते, आजारी कोंबडी हातात लोळागोळा होते.

कोंबडा असेल आणि पिल्लं हवी असतील तर अंड्यांवर २१ दिवस बसू द्या. नसेल तर जाळीचा तळ असलेला पिंजरा विटांवर ठेवा, खाली गवत-भुसा काही नको, आत दाणापाणी भरपूर. पोटाला खालून वारा लागला की तीन-चार दिवसांत खूळ उतरतं. औषध लागत नाही. पाण्यात बुडवण्याचा जुना उपाय उगाच छळ आहे.

मे महिन्यापासून पातळ कवचाची अंडी येतात. पाण्यात विड्याचा चुना घालतो, उरलेले पोहे-शेवही देतो. तरी फरक नाही. (स्नेहनगर)

चुना ताबडतोब बंद करा. तो दाहक आहे आणि पाण्याची चव बिघडवतो. इंदूरच्या मे महिन्यात कोंबडीनं पाणी कमी पिणं हेच सगळ्यात महाग पडतं.

एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. अंडं तयार व्हायला लागणाऱ्या सुमारे २५ तासांपैकी २० तास ते कवचग्रंथीत असतं आणि कवचाचा बराचसा भाग रात्री, कोंबडी उपाशी असताना चढतो. म्हणून संध्याकाळी वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा ठेवा, तुरीच्या डाळीएवढ्या तुकड्यांचा. शिंपल्यांचं पीठ लगेच पुढे सरकतं. तुकडे दळणाऱ्या जठरात थांबून रात्रभर विरघळतात. चुरा खाद्यात मिसळू नका, गरजेपुरता ती स्वतः उचलते.

मुख्य खाद्य ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असलेलं लेयर मॅश (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार भरड खाद्य), दिवसाला १०० ते ११० ग्रॅम. पोहे मूठभर चालतील. शेव अजिबात नको, त्यात मीठ फार. (इंदुरात कोंबडीला शेवेपासून लांब ठेवणं अवघड, हे मान्य.)

आता खरं कारण. उकाड्यात कोंबडी चोच उघडून धापा टाकते. त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि कवचातला कार्बोनेट तर त्यातूनच बनतो. म्हणजे शिंपले कितीही घाला, धाप थांबेपर्यंत कवच पातळच राहणार. खुराड्यावर सावली, दारावर ओलं गोणपाट, मातीच्या कुंडीत गार पाणी दिवसातून तीनदा बदलून, आणि दाणा पहाटे व सूर्य कलल्यावर.

पाऊस पडून गारवा आल्यावरही अंडी वेडीवाकडी, सुरकुतलेली येत राहिली, पांढरं पाण्यासारखं झालं, शिंका असतील, तर संसर्गजन्य ब्रॉन्कायटिसची (श्वासाच्या विषाणूजन्य आजाराची) शंका घ्या. मान वळणं आणि हिरवी शीट असेल तर मानमोडीची (राणीखेत रोगाची). दोन्हींत डॉक्टर. तलंगेची, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोवळ्या कोंबडीची, पहिली दोन-चार अंडी मऊ आली तर काळजी करू नका.

अंडं घातल्यावर मागे लाल मांसाचा गोळा बाहेर राहिलाय, बाकीच्या टोचताहेत. (महू)

आधी तिला वेगळं करा, एका तासात त्या आतडी ओढून काढतील. अंडं घालताना क्षणभर लाल अस्तर दिसतंच, पण ते मिनिटभरात आत जातं. राहिलं तर तो अंग बाहेर येण्याचा प्रकार. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून त्यानं धुवा. सूज असेल तर त्यावर ओली साखर दहा मिनिटं ठेवा, साखर पाणी ओढून घेते. पुन्हा धुवा, पॅराफिन लावा, आत अंडं नाही ना ते पाहा, आणि हातमोज्याच्या बोटानं हळूच आत सारून दोन मिनिटं धरा. पुढे दहा दिवस रोज फक्त आठ तास उजेड, म्हणजे अंडी थांबतील. पुन्हा बाहेर आलं किंवा काळं पडलं तर टाका घालावा लागतो. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्या जवळच आहे. कारण बहुधा चरबी असतं, म्हणून मका आणि गहू कमी करा.

लेयर जातीची तीन वर्षांची कोंबडी, महिनोन् महिने अंडं नाही, पोट पाण्याच्या पिशवीसारखं झालंय, बदकासारखी चालते. (टिळकनगर)

हे शेक देऊन सुटणारं नाही. बहुधा बलक नलिकेत न जाता पोटात पडतोय आणि तिथे जंतूंचा संसर्ग होतोय. अंडाशयाची गाठ किंवा यकृताचा आजारही असाच दिसतो, ते सोनोग्राफीनं किंवा सुईनं काढलेल्या पाण्यावरून कळतं. घरी सुई टोचू नका. डॉक्टर पाणी काढतात, प्रतिजैविक देतात. त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत ते विचारून घ्या. वर्षाला तीनशे अंडी देण्यासाठी घडवलेल्या जातीत हा त्रास पुन्हा उद्भवतो. खाणं सुटलं, श्वास जड झाला, तर पुढच्या वेळी पाणी काढायचं की तिला शांतपणे जाऊ द्यायचं, हे डॉक्टरांशी आताच बोलून ठेवा.

झाबुआहून आणलेली कडकनाथ पाच महिन्यांची झाली, अंडं नाही. आणि अंडं काळं असतं का? (राजवाडा)

घाई करू नका. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही जात साधारण सहाव्या महिन्यात अंड्यावर येते आणि वर्षाला शंभराच्या आसपासच देते. त्यात डिसेंबरात इंदूरचा दिवस पावणेअकरा तासांपेक्षाही लहान असतो, तेव्हा आणखी उशीर होतो. काळं असतं ते मांस. अंडं फिकट तपकिरी, किंचित गुलाबी छटेचं.