मुलांबरोबर पाहण्यासाठी बाहुल्यांचा नाताळ विशेष कार्यक्रम कोणता?

सात वर्षांच्या मुलीबरोबर नाताळच्या सुटीत पाहता येईल असा बाहुल्यांचा विनोदी कार्यक्रम आपण विचारला आहे, आणि त्यात नुसता आरडाओरडा नसावा अशी अटही घातली आहे. माझ्या मते तो कार्यक्रम म्हणजे ‘मपेट’ बाहुल्यांचे निर्माते जिम हेन्सन यांनी दिग्दर्शित केलेला ‘एमेट ऑटर्स जग-बँड ख्रिसमस’. तो डिसेंबर १९७७ मध्ये प्रथम कॅनडात सीबीसी वाहिनीवर आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत एचबीओ वाहिनीवर दाखवला गेला. रसेल होबन यांनी लिहिलेल्या आणि लिलियन होबन यांनी चित्रे काढलेल्या १९७१ च्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. पटकथा जेरी जूल यांची आणि गाणी पॉल विल्यम्स यांची आहेत.

एमेट हा पाणमांजराचा मुलगा. वडील वारले आहेत, आई लोकांचे कपडे धुते आणि एमेट वडिलांची हत्यारपेटी घेऊन किरकोळ दुरुस्तीची कामे करतो. वडील सापाचे तेल विकत असत, पण सापाला तेल लावायचे फारसे कुणाच्या मनात येत नसल्याने धंदा चालला नाही, हे आई अगदी सरळपणे सांगते. येथील विनोद बहुतेक असाच आहे. मुलांना त्यातील साप दिसतो आणि मोठ्यांना घरची ओढगस्त.

जवळच्या गावात गाण्याची स्पर्धा जाहीर होते, बक्षीस ५० डॉलर. आईला एमेटसाठी गिटार घ्यायची आहे आणि एमेटला आईसाठी पियानो. दोघेही एकमेकांपासून लपवून स्पर्धेत उतरतात. आई पोशाखाच्या कापडासाठी त्याची हत्यारपेटी गहाण टाकते, तर एमेट आईच्या कपडे धुण्याच्या टबाला भोक पाडतो, कारण टब पालथा घालून त्यातून दोरी ओवली आणि ती काठीला ताणून बांधली की त्याचे खर्जाचे तंतुवाद्य होते. जग-बँड म्हणजे अशा घरगुती वस्तूंचा वाद्यमेळ: एकजण सिगारच्या खोक्याचा बँजो वाजवतो, साळिंदर मातीच्या बरणीच्या तोंडावर फुंकर घालून सूर काढते.

ओ. हेन्री यांच्या केस आणि घड्याळ विकणाऱ्या जोडप्याच्या कथेची येथे आठवण होते, परंतु मला हा प्रसंग अधिक बोचतो. तेथे आवडीच्या ठेवी जातात. येथे दोघांच्या पोटापाण्याचे साधनच जाते. टबाला भोक पडले की आईचे काम थांबते आणि पेटी गेली की मुलाचे. भोक पाडण्यापूर्वी एमेट जो क्षणभर घुटमळतो, तो पाहताना ही बाहुली आहे याचे भान मला दर वेळी सुटते.

हे भान सुटावे यासाठी हेन्सन यांच्या चमूने केलेली मेहनत थक्क करणारी आहे. टोरोंटोतील स्टुडिओत त्यांनी सुमारे ५० फूट लांबीची खऱ्या पाण्याची नदी उभारली आणि तिच्यात एमेट खरोखर नाव वल्हवताना दिसतो. रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावामुळे आपल्याला बाहुलीशेजारी बोलका माणूस पाहण्याची सवय आहे. येथे मात्र कलाकार देखाव्याखाली दडलेले असतात आणि हात पोचणार नाही अशा ठिकाणी दूरनियंत्रणाने काम होते. संगीताच्या दुकानातून एक ढोल घरंगळत बाहेर येतो, एवढ्या एका दृश्यासाठी पुन्हा पुन्हा चित्रण करावे लागले. त्या फसलेल्या प्रयत्नांमध्ये बाहुल्या आपल्या भूमिकेत राहूनच एकमेकींशी गप्पा मारतात. ते तुकडे मिळाले तर मुलीला नंतर अवश्य दाखवा.

दोन व्यावहारिक गोष्टी सांगायला हव्यात. सूत्रधार म्हणून केर्मिट हा मपेट बेडूक येतो, परंतु २००४ मध्ये मपेट पात्रे डिस्नेकडे गेली आणि हा कार्यक्रम हेन्सन कंपनीकडे राहिला, त्यामुळे काही आवृत्त्यांतून त्याचे प्रसंग कापले गेले; शक्य असेल तर केर्मिट असलेली आवृत्ती घ्या. दुसरे म्हणजे, रिव्हरबॉटम नाइटमेअर बँड ही गुंडांची टोळी रॉक संगीत घेऊन दणक्यात मंचावर येते, तेव्हा लहान मूल थोडे दचकू शकते.

आणि स्पर्धा तीच टोळी जिंकते. माझ्या भाचीने येथे माझा हात धरून विचारले होते, “मग आता ते कपडे कसे धुणार?” मी तिला समजावू लागलो, ही माझी चूक झाली. आपण तसे करू नका आणि कार्यक्रम थांबवूही नका. घरी परतताना आई आपले स्पर्धेतील गाणे म्हणू लागते आणि एमेट व त्याचे साथीदार त्यावर आपले गाणे धरतात. स्वतंत्रपणे ऐकताना साधी वाटलेली ती दोन गाणी एकमेकांत अशी बसतात की, जणू एकाच गाण्याचे दोन अर्धे भाग वेगवेगळे गायले गेले होते. नदीकाठच्या उपाहारगृहाचा मालक बेडूक ते ऐकून बाहेर येतो आणि सगळ्यांना मिळून रोज गाण्याचे काम देतो. भाचीला तिचे उत्तर तेथे मिळाले आणि तिने माझा हात सोडला.