कर्जतला नवीन राहायला आलोय, जवळपास चालायला कुठल्या डोंगरवाटा निवडाव्यात?

तुम्ही लिहिलंय की नवराबायको आणि नऊ वर्षांची मुलगी, गाडी नाही, चालायची सवय आहे पण दोर-बीर लावून चढायचं नाही. मी कर्जतलाच वाढलो आणि अजून इथेच राहतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

किल्ल्यांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. मी आधी घराच्या गच्चीत जाऊन उभं राहायला सांगेन. पश्चिमेला माथेरानची भिंत, पूर्वेला सह्याद्रीची मुख्य रांग, आणि मधल्या खोलगटात आपण. माथेरानच्या आपल्या बाजूच्या उतारावर सकाळी उन्हाचा मारा असतो, पण दुपार कलली की तिथे सावली. समोरच्या रांगेच्या पोटात उलट: सकाळी गारवा, दुपारी कातळ तापून तवा. किती वाजता निघणार हे ठरलं की अर्धी निवड तिथेच झाली.

सुरुवात कोंढाणे लेण्यांपासून करा. कर्जतहून रिक्षाने कोंदिवडे, तिथून उल्हास नदीच्या खोऱ्यात आत शिरणारी, बरीचशी झाडीतली वाट. दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध लेणं आहे, आणि दगडात लाकडी बांधकामाची नक्कल इतकी हुबेहूब की मुलगी नक्की विचारेल, दगडाला वासे कशाला? सकाळी सातला निघालात तर ऊन अंगावर यायच्या आत लेण्यात पोहोचाल. हीच वाट पुढे राजमाचीला चढते, उधेवाडीत, श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी. पण ती चढण दमवते. पहिल्या खेपेला लेण्यावरून मागे फिरा, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी पेठ, म्हणजे कोथळीगड. कशेळेमार्गे आंबिवलीपर्यंत एसटी जाते, पण परतीची गाडी कधी आहे ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. आंबिवलीहून पेठ गाव दोनेक तासांवर. वर सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेला जिना आहे, आणि मुलांना दुसरं काही नको असतं. गावात जेवण सांगून ठेवलं तर चुलीवरची भाकरी मिळते.

आता गार्बेट, माथेरानच्या आपल्या बाजूचं पठार. ही माझी सगळ्यात आवडती वाट आणि माझी सगळ्यात मोठी फजितीही. भिवपुरी रोड कर्जतहून एकच स्टेशन. उतरून डिकसळ, पाली-भूतिवली धरण, मग सागाची वाडी, आणि तिथून गार्बेटचं पठार. ऑक्टोबरात पठारावर गवत कमरेएवढं असतं. एका ऑक्टोबरात मी मित्राबरोबर तिथे पाचपर्यंत बसून राहिलो. आकाश लख्ख होतं, त्यामुळे वाटलं भरपूर वेळ आहे. पण सूर्य माथेरानच्या मागे गेला की आपल्या उतारावर अंधार लवकर शिरतो, आणि त्या गवतात ढोरवाटा व माणसांच्या वाटा सारख्याच दिसतात. आम्ही गुरांच्या मागे मागे एका ओहोळात उतरलो आणि पुढे कडा. शेवटी वाडीतल्या एका ठाकर आजोबांनी बॅटरीचा उजेड बघून हाका मारल्या आणि वर येऊन आम्हाला वाटेला लावलं. ते एवढंच म्हणाले, ‘ढोरं पाण्याला जातात, गावाला नाय.’ तेव्हापासून मी गार्बेटवरून खाली येतच नाही. वर चढून माथेरानात शिरायचं, चालत दस्तुरी नाका, म्हणजे माथेरानात गाड्या जिथवर येतात ती जागा, गाठायचा, तिथून टॅक्सीने नेरळ आणि लोकलने घरी. तुम्हीही तसंच करा, मुलीला माथेरानची चिक्कीही मिळेल.

पेब, म्हणजे विकटगड, नेरळहून चढतात. वाटेत लोखंडी शिडी येते, आणि तिकडून मिनी ट्रेनच्या रुळांवरून दस्तुरीकडे जाता येतं. शिडीची भीती मुलीला वाटते की तुम्हाला, ते आधी बघा. त्यासाठी सोंडाई चांगली: छोटी टेकडी, दोन ठिकाणी शिड्या, माथ्यावर देवी आणि खाली मोरबे धरणाचं पाणी. देवीपाशी चपला-बूट काढतात, तेव्हा उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, तळवे भाजतात. भीमाशंकरला खांडसवरून जायचं झालं तर गणेश घाटाने. शिडी घाट तुमच्यासाठी नाही. ढाकची बहिरी म्हणजे कड्यातली गुहा, दोराला धरून चढायची; तिचे फोटो कुणी दाखवले तर बघून घ्या आणि सोडून द्या.

पावसाळ्याबद्दल मी कडक आहे. जून ते ऑगस्ट सगळी मुंबई इथे उतरते, धबधब्यांवर आणि धरणांवर बंदीचे आदेश निघतात, ते कुणाची मजा घालवायला नसतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. पिढ्यान् पिढ्या त्या डोंगराच्या अंगावर राहणारी माणसं झोपेत गेली. तेव्हा दोन-तीन दिवस सलग धुवाधार झाली असेल तर उताराखाली जायचंच नाही, आणि जाताना घोट्याएवढा असलेला ओढा परतताना कमरेला लागू शकतो हे धरून चालायचं. त्या महिन्यांत कोंदिवड्याच्या रस्त्यावर भातखाचरांमधून फिरा. गावाचा खरा पाऊस तिथेच दिसतो.

पाणी माणशी दोन लिटर, मार्चनंतर तीन. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका. आणि अनोळखी वाटेला वाडीतला वाटाड्या घ्या, पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका.

येत्या रविवारी कोंढाण्याला निघत असाल तर रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवा, सकाळी सहाला स्टेशनबाहेरचे सगळे लोकलच्या पाशिंजरांवर डोळा ठेवून असतात.