'प्रतिबंधात्मक युद्ध' : कशाला प्रतिबंध?

प्रश्न असा आहे : एका इंग्रजी लेखाच्या अनुवादात 'प्रिव्हेंटिव्ह वॉर' आणि 'प्रीएम्प्टिव्ह स्ट्राइक' असे दोन शब्द आले आहेत. दोन्हींना 'प्रतिबंधात्मक' चालेल का? आणि 'शेजारी देशावरील आक्रमणाचे प्रतिबंधात्मक युद्ध म्हणून समर्थन होऊ शकते का?' हे वाक्य मराठीत नीट उतरले आहे का?

पहिल्याचे उत्तर सरळ आहे : चालणार नाही. या दोन शब्दांतला फरक पुसला की मूळ लेखातला वादच पुसला जातो. दुसरे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्यातले तीन शब्द, म्हणजे 'आक्रमण', 'प्रतिबंधात्मक' आणि 'समर्थन', प्रत्येकी दोन-दोन अर्थ पोटात घेऊन बसले आहेत.

'प्रतिबंधात्मक'पासून सुरुवात करू. 'प्रतिबंधक' हा शब्द आपल्याला भेटतो तो बहुधा दवाखान्यात : रोगप्रतिबंधक लस, प्रतिबंधक उपाय. त्यामुळे त्याला शहाणपणाचा वास आपोआप लागलेला असतो. हे विशेषण युद्धाला लावले की युद्धही काळजीपोटी घेतलेल्या खबरदारीसारखे वाटू लागते. लस घेणारा सुई स्वतःच्या दंडात टोचून घेतो, इथे ती शेजाऱ्याच्या दंडात जाते, एवढा फरक मात्र विशेषण गिळून टाकते. शिवाय प्रतिबंध म्हटला की तो कशाचा तरी असावा लागतो. लसीच्या बाबतीत 'कशाचा?' याला उत्तर असते : गोवर, पोलिओ. युद्धाच्या बाबतीत ती जागा रिकामी राहते, आणि खरा प्रश्न त्या रिकाम्या जागेतच आहे. होऊ घातलेला हल्ला रोखायचा आहे, की शेजारी बलवान होणेच रोखायचे आहे?

इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती इथे फारशी मदत करत नाही. 'प्रिव्हेंट' लॅटिनमधल्या 'आधी येणे'वरून, तर 'प्रीएम्प्शन' 'आधी विकत घेणे'वरून. जमिनीच्या कायद्यात यालाच अग्रक्रयाधिकार म्हणतात. गंमत म्हणजे तो हक्क पुष्कळदा शेजाऱ्याचाच असतो. पण 'आधी' दोन्हींत आहे, म्हणून फरक मुळात शोधण्यापेक्षा वापरात शोधावा. वापरात 'प्रीएम्प्टिव्ह' म्हणजे शत्रूचा हल्ला सुरू होण्याच्या बेतात असताना आपण आधी मारणे. 'प्रिव्हेंटिव्ह' म्हणजे आज हल्ल्याचे चिन्ह नसताना, उद्या किंवा दहा वर्षांनी तो होईल या अंदाजाने आज युद्ध सुरू करणे.

मराठीत हा फरक नामापेक्षा क्रियापद चोख दाखवते. 'शत्रू हल्ला करतो आहे', 'हल्ला करायला निघाला आहे', 'हल्ला करणार आहे', 'हल्ला करेल', 'हल्ला करू शकेल'. पाच पायऱ्या आहेत आणि दर पायरीला पुराव्याचा प्रकार बदलतो. 'करतो आहे' हे डोळ्यांना दिसते. 'निघाला आहे' हे हालचालींवरून कळते : फौजा सीमेवर आल्या, रजा रद्द झाल्या, दारूगोळा पुढे गेला. 'करणार आहे' यासाठी त्याचा बेत माहीत असावा लागतो. 'करेल' हा निव्वळ अंदाज. आणि 'करू शकेल' हे तर फौज बाळगणाऱ्या कुठल्याही देशाबद्दल म्हणता येते. कुणी पहिल्या वाराचे कारण सांगू लागला, की नामाकडे दुर्लक्ष करून क्रियापद कोणते वापरतो आहे ते बघावे.

आंतरराष्ट्रीय कायद्याने रेघ दुसऱ्या पायरीशी ओढली, आणि तीही एका जहाजावरून. डिसेंबर १८३७ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेले बंडखोर नायगारा नदीतल्या एका बेटावर होते. त्यांना अमेरिकेच्या किनाऱ्यावरून 'कॅरोलाइन' नावाची आगबोट रसद पोचवत होती. २९ डिसेंबरच्या रात्री ब्रिटिश तुकडी नदी ओलांडून अमेरिकेच्या हद्दीत शिरली, बोट पेटवली आणि प्रवाहात सोडून दिली. एक अमेरिकन मारला गेला. ब्रिटनने हे स्वसंरक्षण असल्याचे सांगितले. त्यावर १८४१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर यांनी जी कसोटी लिहिली तिचा आशय असा : गरज तत्काळ आणि अनिवार हवी, दुसरा मार्ग निवडायला वाव नको, विचार करायला क्षणही नको; आणि केलेली कृती त्या गरजेच्या बाहेर जाता कामा नये. हे शेवटचे कलम लोक विसरतात. वेब्स्टर यांच्या 'तत्काळ'साठी मराठीत फार नेमका शब्द आहे : 'आसन्न'. आसन्नमरण, आसन्नप्रसवा. अगदी जवळ येऊन ठेपलेले. याच्या उलट 'संभाव्य'. 'आसन्न धोका' आणि 'संभाव्य धोका' ही जोडी अनुवादात पाळली तरी निम्मे काम होते.

हीच कसोटी नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणाने १९४६ मध्ये वापरली. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर चढाई केली होती. बचाव असा, की दोस्त राष्ट्रे तिथे उतरणार होती. दोस्तांच्या तशा योजना खरोखर होत्या, आदल्याच दिवशी ब्रिटनने नॉर्वेच्या पाण्यात सुरुंगही पेरले होते. तरी बचाव फेटाळला गेला, कारण जर्मन योजना आखली गेली तेव्हा दोस्तांचे आसन्न उतरणे रोखणे हा तिचा हेतू नव्हता. फार तर पुढेमागे कधी दोस्त तिथे येतील ते टळावे, एवढाच. म्हणजे 'उतरत आहेत' नव्हे, 'उतरतील'. स्वसंरक्षण होते की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे, हा जर्मनीचा दावाही न्यायाधिकरणाने नाकारला.

५ जून १९६७ चा इस्रायलचा इजिप्शियन विमानतळांवरचा हल्ला आगाऊ (म्हणजे 'प्रीएम्प्टिव्ह') हल्ल्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणून दिला जातो. इजिप्तने सिनाईत फौजा आणल्या होत्या, संयुक्त राष्ट्रांचे सैनिक निघून जायला लावले होते, तिरानची सामुद्रधुनी बंद केली होती. ते उदाहरण खरोखर त्या व्याख्येत बसते का यावर आजही वाद आहे, पण एक बारकावा भाषेच्या अभ्यासकाने टिपावा : त्या दिवशी सुरक्षा परिषदेत इस्रायलने 'इजिप्त हल्ला करणार होता' असे न म्हणता इजिप्शियन फौजा आधीच इस्रायलवर चालून आल्या आहेत असे सांगितले. पहिल्या पायरीचे क्रियापद सर्वांत सुरक्षित असते हे प्रत्येक परराष्ट्र खात्याला ठाऊक असते. याउलट ७ जून १९८१ रोजी इस्रायलने बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी उडवली तेव्हा दावा 'करू शकेल'चा होता, आणि सुरक्षा परिषदेने ठराव ४८७ ने त्या हल्ल्याचा एकमताने निषेध केला.

घोळ खरा वाढला तो २००२ मध्ये. अमेरिकेच्या त्या वर्षीच्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणात शब्द 'प्रीएम्प्टिव्ह' वापरला, पण 'आसन्न' ही कल्पनाच सैल करून तिच्यात दूरचा धोका बसवला. चौथ्या पायरीच्या गोष्टीला दुसऱ्या पायरीचे नाव मिळाले. मार्च २००३ मध्ये इराकवर चढाई झाली, ज्या शस्त्रसाठ्यांसाठी ती झाली ते सापडले नाहीत. तेव्हापासून इंग्रजी वर्तमानपत्रांतही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी फिरतात. मूळ लेखकाने ते नीट वापरले आहेत का, हे अनुवादकाने आधी तपासावे.

आता 'शेजारी'. प्रतिबंधाचा युक्तिवाद शेजाऱ्याच्या बाबतीत सर्वांत जोरात चालतो, कारण अंतर कमी. १९३९ मध्ये फिनलंडची सीमा लेनिनग्राडपासून सुमारे ३२ किलोमीटरवर होती आणि सोव्हिएत संघाला ती मागे हटवून हवी होती. हे 'कारण'. २६ नोव्हेंबरला मैनिला या सीमेवरच्या गावात तोफगोळे पडले, सोव्हिएत संघाने फिनलंडला दोष दिला, फिनलंडने तो नाकारून संयुक्त चौकशी सुचवली. हे 'निमित्त'. ३० नोव्हेंबरला चढाई झाली आणि १४ डिसेंबरला राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेने) सोव्हिएत संघाला बाहेर काढले. कारण, निमित्त आणि सबब हे तीन वेगळे शब्द मराठीत आहेत हे आपले भाग्य. ते एकमेकांत कालवू नयेत. आणि परिणाम पाहा : सीमा दूर ढकलली, पण दुखावलेला फिनलंड जून १९४१ मध्ये जर्मनीच्या बाजूने त्याच सीमेवर उभा राहिला. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकचेही असेच. शत्रू एकत्र येऊन तुटून पडतील म्हणून २९ ऑगस्ट १७५६ रोजी तो शेजारच्या सॅक्सनीत शिरला, आणि त्यानंतर ऑस्ट्रिया, फ्रान्स, रशिया खरेच एकत्र आले. सात वर्षे युद्ध चालले. असे होते, कारण पहिला वार शेजाऱ्यांना 'हा करेल' वरून 'हा करतो' वर नेतो. शिवाय 'तो मला मारेल म्हणून मी आधी मारतो' हे वाक्य दोघांच्याही तोंडी तितकेच बसते.

२०२२ चे उदाहरणही शब्दांसाठी पाहण्यासारखे आहे. २४ फेब्रुवारीला युक्रेनवर चढाई करताना रशियाच्या अध्यक्षांनी 'विशेष लष्करी कारवाई' हे नाव दिले, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या कलम ५१ चा आधार घेतला, आणि १९४१ ची, म्हणजे जर्मनीचा हल्ला होईपर्यंत थांबून राहण्याची, चूक पुन्हा करणार नाही असेही म्हटले. कलम ५१ सशस्त्र हल्ला 'झाल्यास' स्वसंरक्षणाचा हक्क मानते. 'होईल' तिथे नाही. २ मार्चला आमसभेत निषेधाच्या बाजूने १४१, विरोधात ५ मते पडली आणि ३५ देश तटस्थ राहिले. दूरच्या धोक्यासाठी दुसरी वाट सनदेतच आहे : पुरावा घेऊन सुरक्षा परिषदेकडे जाणे. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या उच्चस्तरीय गटानेही आसन्न धोक्याला आधी वार मान्य केला आणि संभाव्य धोक्याला हीच वाट दाखवली. परिषदेत नकाराधिकार आहे, ही वाट अनेकदा अडते, हे खरे. पण वाट अडली म्हणून क्रियापद बदलत नाही.

'आक्रमण' हा तर मोठाच सापळा. इंग्रजीत 'इन्व्हेजन' म्हणजे सैन्य हद्दीत घुसणे, 'अ‍ॅग्रेशन' म्हणजे कायद्याने ठरवलेला गुन्हा. मराठीत दोन्हींना 'आक्रमण'. आमसभेने १९७४ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार 'अ‍ॅग्रेशन'ला राजकीय, आर्थिक, लष्करी असा कुठलाच विचार समर्थन देऊ शकत नाही. त्या अर्थाने 'समर्थनीय आक्रमण' हा वदतोव्याघात होतो आणि प्रश्न विचारण्याआधीच उत्तर मिळून जाते. म्हणून घुसण्यापुरता अर्थ हवा तिथे 'चढाई' वापरावे. 'हल्ला'ही वेगळा : विमानतळ उडवून परत येणे हा हल्ला, राजधानीपर्यंत जाऊन बसणे ही चढाई, तिथेच राहणे हा कब्जा. आसन्न धोक्याने हल्ला एखाद्या वेळी क्षम्य ठरेल. वेब्स्टर यांच्या विसरल्या गेलेल्या कलमामुळे कब्जा त्यात सहजी मावत नाही.

'समर्थन' थोडक्यात : 'तो युद्धाचे समर्थन करतो' म्हणजे पाठिंबा देतो, की कारणे देतो? समर्थन कशाचेही करता येते. विचारायचे असते ते समर्थनीय ठरते का.

राहिला पर्यायी शब्दांचा मुद्दा. 'प्रिव्हेंटिव्ह वॉर'साठी 'प्रतिबंधात्मक युद्ध' रुळले आहे, ठेवावे, पण पहिल्या वापराशी 'संभाव्य धोका टाळण्यासाठी' अशी जोड द्यावी. 'युद्धप्रतिबंधक' मात्र चुकूनही नको, त्याचा अर्थ नेमका उलटा. 'प्रीएम्प्टिव्ह'साठी 'पूर्वप्रतिबंधात्मक' दिसते, तो टाळावा. 'प्रतिबंधात्मक'मध्ये 'पूर्व' आहेच. 'आगाऊ हल्ला' मला सर्वांत बरा वाटतो. त्यातला दुसरा, 'आगाऊ कार्टे'मधला अर्थ डोकावतो हे खरे, पण तो या विषयात फारसा गैरलागूही नाही. तेवढा नको असेल तर 'पूर्वप्रहार' घ्या. तुमचे वाक्य मग असे होईल : 'संभाव्य धोका टाळण्यासाठी शेजारी देशावर केलेली चढाई प्रतिबंधात्मक युद्ध म्हणून समर्थनीय ठरते का?'