वाचकांचे प्रश्न : बोर्डाला दोन सप्लाय कशाला?

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी चाळीसगावचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेमप्लेट आणि देवघराची नक्षी कोरायला छोटं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन, बनवलंय. तीन नेमा २३ मोटर, त्या फिरवणारे तीन टीबी ६६०० ड्रायव्हर, २४ व्होल्ट १५ अँपचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), एलपीटी म्हणजे जुन्या पॅरलल पोर्टवाला डेस्कटॉप, त्यात मशीन चालवायचं सॉफ्टवेअर माक ३, आणि ऑनलाइन मागवलेला पाच अ‍ॅक्सिसचा ब्रेकआउट बोर्ड, म्हणजे कॉम्प्युटर आणि ड्रायव्हर जोडणारा बोर्ड. बोर्डाला यूएसबी लावली, २४ व्होल्ट पण दिले, दोन्हीकडचे लाइट लागले, पण मोटर हलेनात. ड्रायव्हरच्या पल्स प्लस (किती फिरायचं) आणि डायरेक्शन प्लसला (कुठल्या दिशेला) लागणारे ५ व्होल्ट मी एसएमपीएसवर व्होल्टेज कमी करणारा बक कन्व्हर्टर लावून घेतलेत. मित्र म्हणाला दोन्ही ग्राउंड जोडून टाक, जोडले तर मोटर पळायला लागल्या. पण आता व्हीएफडीवरचा (स्पीड बदलणाऱ्या ड्राइव्हवरचा) स्पिंडल, म्हणजे कोरणारी मोटर, चालू केला की लिमिट स्विच (टोकाला मशीन थांबवणारा) लागला म्हणून मशीन थांबतं, स्विचला कोणी शिवलेलं पण नसतं. बोर्ड बदलून मागवू का?

उत्तर : दादा, बोर्ड बदलू नका, पैसे वाचवा. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, ग्राउंड जोडल्यावर मोटर पळायला लागल्या म्हणता ना, तिथंच सगळं कळतं.

हा बोर्ड म्हणजे एका पट्टीवर शेजारी राहणारी दोन घरं समजा. एका घराला वीज यूएसबीतून येते, ५ व्होल्ट, तिथं एलपीटीची केबल लागते आणि पी२, पी३ वगैरे पल्स-डायरेक्शनचे टर्मिनल असतात. दुसऱ्या घराला तुमचे १२ ते २४ व्होल्ट, तिथं लिमिट स्विच आणि स्पिंडलला जाणारा ० ते १० व्होल्टचा सिग्नल. मधे ऑप्टोकपलर, म्हणजे आत एक बारका एलईडी आणि समोर उजेड बघणारा ट्रान्झिस्टर, निरोप उजेडानं पलीकडे जातो, वायरीनं नाही. दोन सप्लाय देतात ते यासाठीच, की स्पिंडलकडची घाण कॉम्प्युटरकडे येऊ नये.

आता तुम्ही काय केलं बघा. पी२ हा पहिल्या घरातला, तो खाली जातो तो यूएसबीच्या ग्राउंडला. पण पल्स प्लसचे ५ व्होल्ट आणले दुसऱ्या घरातून, एसएमपीएसवरून. मग करंट जाणार कुठून आणि परत येणार कुठून, सर्किट पूर्णच होत नाही, म्हणून मोटर हलल्या नाहीत. मित्रानं ग्राउंड जोडले आणि रस्ता मिळाला, पण त्याच तारेनं मधली भिंत पाडली आणि आता व्हीएफडीचा सगळा नॉइज, म्हणजे तीच घाण, थेट इनपुटवर येतोय.

उपाय सोपा आहे. मेन बंद करा, एलपीटी आणि यूएसबी दोन्ही काढा, ग्राउंड जोडणारी तार आणि बक कन्व्हर्टर काढून टाका. तिन्ही ड्रायव्हरचे पल्स प्लस आणि डायरेक्शन प्लस बोर्डावर पी टर्मिनलांच्या शेजारी जो ५ व्होल्ट लिहिलेला असतो त्याला न्या, पल्स मायनस आणि डायरेक्शन मायनस आपापल्या पी नंबरला. एनेबल (ड्रायव्हर चालू-बंद करायचं टर्मिनल) रिकामा ठेवला तरी ड्रायव्हर चालतो. यूएसबीला झेपेल का अशी भीती नको, सहा सिग्नल प्रत्येकी साधारण १० मिलिअँप धरले तरी ६० होतात, साध्या यूएसबी पोर्टची ताकद ५०० मिलिअँपची असते. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून यूएसबीकडचं ग्राउंड आणि २४ व्होल्टचं ग्राउंड तपासा, बीप आला नाही पाहिजे. आला तर अजून कुठंतरी जोड राहिलीय, बहुतेक वेळा केबलची शील्ड (वायरींवरची जाळी) दोन्ही टोकांना लावलेली असते तिथं सापडते. शील्ड एकाच टोकाला, पॅनेलकडे, अर्थ करायची. फक्त व्हीएफडी ते स्पिंडल मोटरची केबल वेगळी, तिची शील्ड दोन्हीकडे अर्थला चालते, आणि ती केबल लिमिट स्विचच्या वायरीपासून वीतभर तरी लांब ठेवा, एकाच पट्टीत गुंडाळू नका. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे न दाबता सर्किट जोडलेलं राहील असा, लावा, वायर तुटली तर मशीन थांबलं पाहिजे. एवढं करूनही कधीमधी खोटा सिग्नल आला तर माक ३ मधला डीबाउन्स (क्षणभराचा सिग्नल सोडून द्यायची सेटिंग) थोडा वाढवा, पण वायरिंग सुधारायच्या आधी नाही, नाहीतर दुखणं दिसायचं बंद होतं आणि आत तसंच राहतं.

आणि हो, अर्थिंग बघितलंय का? आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चांगली, पण उन्हाळ्यात भेगा पडतात आणि रॉडभोवतीची माती रॉड सोडून देते, मग व्हीएफडीचा अर्थ नावापुरता उरतो. केळीला पाणी सोडता ना, तेव्हा दोन बादल्या अर्थिंगच्या खड्ड्यातही टाकत जा. त्याच उन्हाचा दुसरा त्रास म्हणजे पत्र्याचं शेड, बाहेर ४४-४५ असताना बंद डब्यात एसएमपीएस आणि ड्रायव्हर शिजतात, डब्याला फिल्टर लावलेला फॅन हवाच, कारण लाकडाचा भुसा पण आत जायला नको.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो, इमर्जन्सी स्टॉपचं बटण फक्त बोर्डाच्या इनपुटला लावून थांबू नका. कॉम्प्युटर हँग झाला तर ते बटण कोण ऐकणार? दोन कॉन्टॅक्टचं बटण घ्या, एक बोर्डाला, दुसरा कॉन्टॅक्टरच्या (मेन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलला, म्हणजे दाबलं की व्हीएफडीची मेनच तुटेल. आणि चालू ड्रायव्हरची मोटरची वायर कधीही ओढू नका, ड्रायव्हर जातो.

प्रश्न : दादा, मी यावलचा, कॉलेजला आहे. माझ्याकडे लॅपटॉपच आहे. यूएसबी ते प्रिंटर अशी केबल घेऊन हाच बोर्ड चालेल का?

उत्तर : नाही रे भावा, नाही चालणार, ती केबल घेऊ नको. ती फक्त प्रिंटरची भाषा बोलते, माक ३ ला मात्र पोर्टची एकेक पिन सेकंदाला हजारो वेळा अगदी नेमक्या वेळेला वरखाली करायची असते. शिवाय माक ३ चा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालतच नाही. जुन्या बाजारात पॅरलल पोर्टवाला डेस्कटॉप मिळाला तर त्यावर ३२ बिट विंडोज टाक, नाहीतर आर्डुइनो युनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड घे, त्यात सीएनसी चालवणारं जीआरबीएल सॉफ्टवेअर टाक, ते फुकट आहे. ड्रायव्हर सरळ आर्डुइनोला लागतात, हा बोर्ड मग लागतच नाही.