दोघी मैत्रिणींच्या शिलाई युनिटला सरकारी काम मिळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नाशिकमध्ये आम्हा दोघी मैत्रिणींचं भागीदारीत शिलाईचं युनिट आहे, आठ मशिनं आहेत, ॲप्रन, पिशव्या, युनिफॉर्म शिवतो. माझी भागीदार मुस्लिम आहे. तर महिला आणि अल्पसंख्याक म्हणून सरकारी खरेदीत आमच्यासाठी काही राखीव असतं का, आणि ते मिळवायचं कसं?

महिला म्हणून, हो, थोडंफार. अल्पसंख्याक म्हणून, नाही.

हा दुसरा भाग आधी मोकळा करते, कारण त्यात बऱ्याच जणांचा घोळ होतो. अमेरिकेत 'मायनॉरिटी-ओन्ड' अशा प्रमाणपत्रावर कंपन्यांना सरकारी कामं मिळतात, तिकडचे व्हिडिओ इकडे फिरतात आणि बघणाऱ्याला वाटतं आपल्याकडेही तसंच असणार. केंद्राच्या लघुउद्योग खरेदी धोरणात धर्मावर काहीही राखून ठेवलेलं नाही. तिथे उपगट दोनच : अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक आणि महिला. तुमच्या भागीदारणीला मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे कर्जासाठी जाता येईल, पण ते कर्ज झालं, ऑर्डर नव्हे. टेंडरमध्ये तिचा उपयोग ती बाई आहे म्हणून.

माझं नाशिकच्याच अंबडला पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. चौदा वर्षं झाली, माणसं नऊ. शिलाईतलं मला ओ का ठो कळत नाही, पण टेंडर भरून तोंड पोळून घेण्याचा अनुभव भरपूर आहे, तेवढ्यावर सांगते.

धोरण २०१२ चं आहे. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षभराच्या खरेदीतला ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा. आधी तो २० टक्के होता, २०१८ च्या शेवटी २५ केला. त्या पंचवीसातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. शिवाय ३५८ वस्तू अशा की त्या फक्त सूक्ष्म-लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या. झाडू, स्टीलची कपाटं, खुर्च्या, आमची पुठ्ठ्याची खोकी वगैरे.

आता 'राखीव' हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यासमोर एसटीतली सीट येते. बाईसाठी आहे, उठा. इथे तसं नाही. ते ३ टक्के म्हणजे खरेदी करणाऱ्या खात्याचं वर्षाचं उद्दिष्ट आहे, तुमचा हक्क नाही. प्रत्येक टेंडरमध्ये ३ टक्के बाजूला काढून ठेवलेले नसतात. खात्याने वर्षाच्या शेवटी आकडा दाखवायचा असतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी एखाद्या स्टोअरमधून फोन येतो, 'मॅडम, तुमचं महिला रजिस्ट्रेशन आहे ना?' मला चौदा वर्षांत असे दोन फोन आले. एकातून काम झालं.

दुसरी सवलत किमतीची. समजा एखाद्या टेंडरमध्ये एका मोठ्या कंपनीने सगळ्यात कमी, म्हणजे १०० रुपये भरले आणि तुम्ही ११२. तुम्ही १५ टक्क्यांच्या आत आहात, तर तुम्हाला विचारलं जातं : १०० ला देता का? हो म्हणालात तर टेंडरमधला पाव हिस्सा तुम्हाला. ऐकायला छान आहे. पण ही सवलत एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भरणारा, मोठा असेल तेव्हाच लागू होते. एल-वन स्वतःच लघुउद्योग असेल तर तुमचे ११२ म्हणजे फक्त ११२. आणि शिलाईत समोर कोण असतं? भिवंडी, तिरुपूर, कानपूरची तुमच्यासारखीच युनिटं, सगळ्यांकडे उद्यमचा, म्हणजे सरकारदरबारी लघुउद्योग म्हणून नोंदणी झाल्याचा, कागद. खोक्यांतही तेच. सगळेच लघु असले की लघुत्वाचा फायदा उरत नाही. हे कुठल्याच मार्गदर्शन शिबिरात सांगत नाहीत. तिथे टक्केवारीच्या स्लाइड दाखवतात आणि चहा-बिस्किटं देतात.

मग उपयोग कशाचा? अनामत रकमेचा. तुमच्या-माझ्यासारखीला पाच लाखांच्या टेंडरसाठी दहा-पंधरा हजार सहा महिने अडकवून ठेवणं जमत नाही, आणि अशी चार टेंडरं एका वेळी भरायची तर विसरूनच जा. सूक्ष्म-लघु उद्योगाला ही ईएमडी माफ आहे, टेंडरचा फॉर्मही फुकट. म्हणजे हरलं तरी खिशातून काही जात नाही. माझ्या मते सगळ्या धोरणात हाताला लागणारी गोष्ट ही एवढीच, आणि ती पुरेशी मोठी आहे. फक्त काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव माफ नसते. ती ऑर्डरच्या साधारण तीन ते पाच टक्के मागतात, बँक गॅरंटी लागते. तेवढी तयारी आधी ठेवा.

ही माफी मी पहिल्याच टेंडरला घालवली. उद्यम नोंदणी फुकट असते, आधार, पॅन आणि जीएसटी नंबरावर घरबसल्या होते, हे तेव्हा माहीत नव्हतं. एका एजंटाने २,५०० रुपये घेतले आणि मुख्य व्यवसायात 'ट्रेडिंग' टाकून दिलं. मी प्रमाणपत्र लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलं, वाचलं मात्र नाही. व्यापाऱ्यांना उद्यममध्ये २०२१ पासून घेतात ते फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जासाठी. खरेदी धोरणाच्या सवलती बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला. ईएमडी भरली नाही, माफीही लागू नाही, तांत्रिक छाननीतच बाद. तुमचं प्रमाणपत्र आज काढून बघा. 'मॅन्युफॅक्चरिंग' हवं आणि व्यवसायाचा कोड शिलाईचा, तयार कपड्यांचा हवा. चुकलं असेल तर दुरुस्तीही फुकटच होते.

तसाच भागीदारीचा करार काढून बघा. महिला उद्योग म्हणून मोजायला भागीदारीत बायकांचा वाटा किमान ५१ टक्के लागतो. तुम्ही दोघीच असाल तर प्रश्न नाही. पण बँकेच्या सोयीसाठी कुणाच्या नवऱ्याचं नाव ५० टक्क्यांनी घातलेलं असेल तर तुम्ही त्या ३ टक्क्यांतून गेलात. (उलटा प्रकार तर सर्रास आहे. युनिट बायकोच्या नावावर, आणि पासवर्ड काय ते तिला विचारलं तर ती आत बघते. त्यावर मी बोलायला लागले तर उत्तर संपायचं नाही.)

काम शोधायचं कुठे? केंद्राचं बहुतेक जेमवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर. नाशिककरांचं नशीब असं की केंद्राची गिऱ्हाइकं दाराशी आहेत. ओझरला एचएएल, नाशिकरोडला नोटांचा छापखाना आणि सिक्युरिटी प्रेस, देवळालीला तोफखान्याचं स्कूल, शिवाय रेल्वे. ॲप्रन, हातमोजे, कामगारांचे युनिफॉर्म, कापडी पिशव्या अशा ठिकाणी लागतच असतात. जेमवर 'वुमनिया' म्हणून महिला विक्रेत्यांचा वेगळा कप्पा आहे, त्यात नाव येऊ द्या, पण त्याच्या भरवशावर बसू नका. चादरी-टॉवेलच्या मागे लागण्याआधी मागणी नीट वाचा, कारण खादी आणि हातमागाचं कापड मागितलं असेल तर त्या खरेदीची वाट वेगळी असते.

महापालिका, जिल्हा परिषद, राज्याची खाती यांना वरची केंद्राची टक्केवारी लागू नाही. त्यांना राज्याचे खरेदी नियम. त्यांची टेंडरं महाटेंडर्स या राज्याच्या पोर्टलवर येतात आणि तिथे डिजिटल सहीचं टोकन लागतं. जेमवर आधारच्या ओटीपीवर भागतं. शाळेच्या गणवेशाचं विचाराल तर २०२४-२५ मध्ये राज्याने ती शिलाई माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, बचत गटांकडे दिली होती. गणवेश वेळेत पोचले नाहीत म्हणून ओरड झाली आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. म्हणजे आता मुख्याध्यापकांना जाऊन नमुना दाखवायचा. त्याला टेंडर नको, ओळख आणि वेळेवर माल हवा. मला वाटतं तुमची सुरुवात तिथूनच व्हावी. जेमवर 'पूर्वी कुठे पुरवठा केला' विचारतात तेव्हा जोडायला दोन बिलं तरी होतील.

जेमवरचं प्रत्येक बिड वाचताना तीन ठिकाणी थांबा. पहिलं, एमएसईला, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाला, अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून सूट या ओळीपुढे 'येस' आहे की 'नो'. 'नो' असेल आणि उलाढाल पन्नास लाख मागितली असेल तर वेळ घालवू नका. ती सूट देणं न देणं खरेदीदाराच्या हातात असतं. दुसरं, सगळ्यात शेवटी माल पोचवायचे पत्ते. चारशे ॲप्रनचं बिड बघून हुरळून जाल आणि खाली अकरा गावं निघतील, त्यातलं एक आसामात. तिसरं, रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे रेट खाली उतरवत न्यायचा लिलाव, आहे का.

या तिसऱ्याने मला रडवलं. जिल्ह्यातल्याच एका खात्याचं खोक्यांचं काम होतं. संध्याकाळी ऑक्शन सुरू झालं. समोरचा दहा पैसे उतरला की मी दहा उतरायची, घड्याळ पुन्हा वाढायचं. घरचे सगळे मागे उभे, जणू मॅच चाललीय. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, 'अजून पाच पैसे टाक.' जिंकलो. पेढे आणले. दुसऱ्या दिवशी हिशेब मांडला तर टेम्पो आणि हमाली मी धरलीच नव्हती. एका खोक्यामागे सव्वा रुपया घालून ती ऑर्डर पुरी केली. न देऊन चालत नाही, जेमवर त्याची नोंद होते आणि पुढचे दरवाजे बंद होतात. तेव्हापासून ऑक्शनच्या आधी शेवटचा रेट कागदावर लिहून टेबलावर पालथा ठेवते. तिथे आलं की लॅपटॉप बंद. तुमच्यासाठी त्या रेटमध्ये कटिंगची वाया जाणारी चिंधी, दोरा, इस्त्री, पॅकिंग, भाडं आणि थोडं रिजेक्शन हे सगळं यायला हवं. दोघींचा पगारही. आपण बायका तोच धरायला विसरतो.

आता पैशाचं, कारण सरकारी कामात माणूस रेटने कमी मरतो आणि वाट बघून जास्त. जेमवर माल मिळून पसंत पडल्याचा दाखला निघतो, त्याला सीआरएसी म्हणतात, त्यानंतर दहा दिवसांत पैसे यावेत असा नियम आहे. बऱ्याचदा येतातही. माझं एक बिल मात्र एका कार्यालयात सात महिने पडून होतं. माल मार्चमध्ये दिला, साहेबांची बदली झाली, निधी परत गेला, नव्या साहेबांना फाइल सापडेना. तोवर जीएसटी मी खिशातून भरून मोकळी, कारण बिल फाडलं की पुढच्या महिन्यात कर द्यावाच लागतो, पैसे आलेले असोत नसोत. शिवाय अडीच लाखांवरच्या कामात सरकार २ टक्के जीएसटी टीडीएस कापून घेतं. तो परत मिळतो, पण पोर्टलवर जाऊन स्वीकारावा लागतो. सीएला आधीच सांगून ठेवा.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याच्या कलम १५ प्रमाणे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करारात काहीही लिहिलेलं असो. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार ऑनलाइन करायची, ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, जाते. मी तक्रार केली नाही. दोन्ही कलमं लिहून, व्याजाचा आकडा काढून एक साधं पत्र दिलं आणि इनवर्डचा शिक्का घेतला. तीन आठवड्यांत मुद्दल आलं. व्याजाचा विषय मी काढला नाही, कारण तिथे पुन्हा माल द्यायचा होता. बरोबर केलं का, माहीत नाही. आमच्या शेजारच्या युनिटवाल्याने कौन्सिलपर्यंत जाऊन व्याजासकट वसूल केलं. त्याला त्या ऑफिसातून नंतर एकही चौकशी आली नाही.

सिंहस्थाच्या कामांबद्दल सध्या सगळेच विचारतात. तिथली मोठी पॅकेजं आपल्या आवाक्यात नाहीत, पण ज्यांना ती मिळतात त्यांना माणसांसाठी जॅकेट, टोप्या, पिशव्या लागणार. त्यांच्याकडे सब-काँट्रॅक्टर म्हणून जा. खाजगी कंपनीकडे तुमचं एक हत्यार जास्त चालतं. ४५ दिवसांत तुमचे पैसे दिले नाहीत तर आयकराच्या नियमामुळे त्यांना तो खर्च त्या वर्षात धरता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम नंबर ठळक छापा. मार्चमध्ये त्यांचा अकाउंटंट स्वतःहून फोन करतो, ही गंमत मी अनुभवली आहे.

नोंदणीत अडलं तर सातपूरला उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे, सकाळी लवकर जा. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांतही विचारणाऱ्याला कुणी ना कुणी माहीतगार भेटतो. एजंटाला पैसे देऊ नका. आणि ॲप्रनचा रेट मांडलात की इथेच प्रतिक्रियेत टाका, कापडाचं मला कळत नाही पण भाडं-हमाली सुटली असेल तर लगेच दिसेल.