मत असलेली जागा घे

चि.…,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. फिलाडेल्फियात पक्षाच्या युवा सल्लागार मंडळावर तुला घेतलं, पहिल्या बैठकीत फोटो काढला आणि आता आपण तिथे नेमकं काय करतो हे तुला कळेनासं झालंय. आई-बाबा म्हणतात राजकारण आपलं काम नाही, मैत्रिणी म्हणतात पक्षच सडलेला आहे, आणि तू मला विचारतेस की मंडळावर राहू का सोडू.

मी तुला उलट एकच प्रश्न विचारतो. त्या मंडळाला मत आहे का? उमेदवार ठरवताना, वॉर्ड लीडर म्हणजे वॉर्डातला पक्षाचा प्रमुख निवडताना तिथे कुणाचा हात मोजला जातो का? नसेल, तर राहिलीस काय आणि सोडलंस काय, फिलाडेल्फियात कुणाचंही काही बिघडणार नाही. कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई मुलांना सल्लागार मंडळ, विविधता समिती, मंचावर मागच्या रांगेतली खुर्ची, सगळं सढळ हाताने मिळतं, कारण त्यातल्या कशालाही मत नसतं. तू मत असलेली जागा घे.

ती जागा तुझ्या घरापासून चार गल्ल्यांत आहे. शहरात 66 वॉर्ड आणि त्यांत मिळून 1,703 डिव्हिजन, म्हणजे वॉर्डाचे छोटे मतदान-विभाग, आहेत. प्रत्येक डिव्हिजनमधून प्रत्येक पक्षाचे दोन कमिटीपर्सन, म्हणजे वॉर्ड कमिटीवरचे प्रतिनिधी, निवडून येतात. शहरात दहा लाखांहून अधिक नोंदलेले मतदार आहेत, म्हणजे एका डिव्हिजनला सरासरी सहाशेच्या आसपास. सगळी मिळून तीन-साडेतीनशे दारं होतील. वय 18 पूर्ण, पत्ता त्याच डिव्हिजनमधला, नोंदणी त्याच पक्षात आणि डिव्हिजनमधल्या मतदारांच्या दहा वैध सह्या, एवढ्यावर तुझं नाव मतपत्रिकेवर येतं. पगार नाही. निवडणूक चार वर्षांतून एकदा, गव्हर्नरच्या निवडणुकीच्या वर्षी, प्रायमरीबरोबर, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीबरोबर, होते: 2018, 2022, 2026, 2030. मधल्या काळात जागा रिकाम्या पडतात आणि त्या वॉर्ड कमिटीतून भरल्या जातात. तेव्हा आधी तुझ्या डिव्हिजनच्या दोन्ही जागा भरलेल्या आहेत का ते शोध. पुष्कळ ठिकाणी कुणीच नसतं, आणि असं असूनही आपली मुलं ‘आम्हाला कुणी बोलावत नाही’ म्हणत बसतात. बोलावण्याची वाट कशाला पाहायची?

आता गणित बघ. 1,703 भागिले 66, म्हणजे वॉर्डात सरासरी 26 डिव्हिजन आणि 52 मतं. हे 52 जण प्रायमरीनंतरच्या बैठकीत वॉर्ड लीडर निवडतात. बहुमताला 27 लागतात, जागा रिकाम्या असल्या तर त्याहून कमी. एका वॉर्डात तुझ्यासारखी दहा मुलं निवडून आली तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय कुणाला लीडर होता येणार नाही. वॉर्ड लीडर मिळून पक्षाच्या शहर कमिटीचा अध्यक्ष निवडतात. डेमोक्रॅटिक पक्षाचे बॉब ब्रेडी 1986 मध्ये त्या खुर्चीवर आले ते दशकानुदशकं तिथेच राहिले, यावरून वॉर्ड लीडरच्या मताची किंमत कळेल. विधानसभेची जागा मध्येच रिकामी झाली तर पोटनिवडणुकीला प्रायमरी होत नाही, पक्षाचा उमेदवार वॉर्ड लीडर ठरवतात. भक्कम बहुमताच्या मतदारसंघात याचा अर्थ आमदार तेच ठरवतात. तुझ्या सल्लागार मंडळाला ही बातमी दुसऱ्या दिवशी ईमेलने कळेल.

तर आधी नोंदणी. तू ‘कोणताही पक्ष नाही’ असं लिहून नोंद केली आहेस असं दिसतं. आपल्या घरांतून हे फार होतं, आई-वडिलांना वाटतं तटस्थ राहिलेलं बरं. आपल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात प्रायमरी बंद असते. पक्षात नोंद नसेल तर प्रायमरीत मत नाही, कमिटीपर्सनच्या अर्जावर सही चालत नाही आणि स्वतः उभंही राहता येत नाही. मतदानाच्या 15 दिवस आधीपर्यंत पक्ष बदलता येतो, पण तुला सह्यांच्या हंगामाआधी तो बदलायलाच हवा. कॉलेजच्या खोलीचा पत्ता द्यायचा की घरचा, हेही आत्ताच ठरव. जिथे खरोखर राहतेस तिथलीच डिव्हिजन तुझी.

इथेच एक गोष्ट ठणकावून सांगतो, तुझ्या मित्रांसाठी. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा विद्यार्थी व्हिसा आहे त्यांनी मतदार म्हणून नाव नोंदवायचं नाही. सप्टेंबर 2023 पासून या राज्यात लायसन्सच्या कार्यालयात मतदार नोंदणी आपोआप पुढे येते, नको असेल तर नको म्हणावं लागतं. घाईत ‘मी नागरिक आहे’वर खूण झाली तर माणूस देशाबाहेर काढला जाऊ शकतो. अशा मित्रांनी बिनपगारी स्वयंसेवक म्हणून खुशाल यावं, पण सह्यांचे कागद त्यांच्या हाती देऊ नकोस. सह्या गोळा करणारा राज्यातला मतदार आणि त्याच पक्षात नोंदलेला असावा लागतो.

सह्यांना मिळतात तीन आठवडे, प्रायमरीच्या आधीच्या तेराव्या मंगळवारपासून दहाव्या मंगळवारपर्यंत. मे महिन्यात प्रायमरी, म्हणजे हे सगळं फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत. सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि अंधारात अनोळखी माणसाला कुणी दार उघडत नाही, म्हणून शनिवार-रविवार दुपार धर. बॉलपेन आतल्या खिशात ठेव, गारठ्यात शाई उतरत नाही आणि अर्धवट उमटलेली सही वादात सापडते. राज्याची मतदारयादी वीस डॉलरमध्ये मिळते. नाव, पत्ता, जन्मतारीख, पक्ष, कोणत्या निवडणुकीत मत दिलं, सगळं त्यात असतं. ती फक्त निवडणूक, राजकारण आणि कायद्याच्या कामासाठी वापरायची असते. तुझी डिव्हिजन वेगळी काढ, रस्त्यानुसार लाव, सम आणि विषम घरं वेगळी कर, म्हणजे रस्ता दहा वेळा ओलांडावा लागत नाही.

दहा लागतात म्हणून दहा आणायच्या नाहीत. पंचवीस-तीस आण. अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर 7 दिवसांत कुणीही कोर्टात हरकत घेऊ शकतो, आणि नवख्या माणसाला अशीच बाजूला काढतात. हरकती कुठे बसतात ते नीट समजून घे, कारण आपल्याच वस्तीतल्या सह्या जास्त उडतात. मतदार घर बदलून गेलाय पण नोंद जुन्या पत्त्यावर आहे, सहीवर हरकत येऊ शकते. यादीत पूर्ण नाव आहे आणि माणूस टोपणनावाने सही करतो. व्हिएतनामी आजोबा आडनाव आधी लिहितात, मेक्सिकन बाई दोन आडनावांतलं एकच लिहितात, आपल्याकडच्या काकू यादीत माहेरच्या नावाने आहेत आणि सही सासरच्या नावाने करतात. आणि सगळ्यात नेहमीचं म्हणजे दार आई उघडते, कागद घेते आणि नवऱ्याची, मुलाची, सुनेची अशा चार सह्या स्वतःच करून देते. प्रेमाने करते. पण चारही ओळींत एकच हस्ताक्षर दिसतं, आणि तू तर खाली लिहून दिलेलं असतंस की माझ्या माहितीप्रमाणे ज्याची त्यानेच सही केली आहे. तेव्हा हात जोड, हसून सांग की ‘काकू, फक्त तुमची द्या, बाकीच्यांसाठी मी संध्याकाळी येते’, आणि खरंच ये.

ओळीवर चार गोष्टी लागतात: सही, वाचता येईल असं नाव, पत्ता आणि वर्षासकट तारीख. वरच्या ओळीसारखंच म्हणून खुणेची टिंबं द्यायची नाहीत. यादी हातात ठेवून, तिथे नाव जसं आहे तसंच लिहायला सांग. जागा दोन आहेत म्हणून एक मतदार दोनच उमेदवारांच्या अर्जांवर सही करू शकतो. तिसऱ्या अर्जावरची नंतरची सही बाद होते, म्हणून पहिल्याच शनिवारी निघायचं. कागदाखालचं गोळा करणाऱ्याचं निवेदन 2019 च्या कायद्यानंतर नोटरीकडे न्यावं लागत नाही, पण ते रिकामं राहिलं तर अख्खं पान धोक्यात येतं.

अर्ज सिटी हॉलमध्ये, निवडणूक आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचा असतो. जाशील तेव्हा दक्षिण बाजूने जा. तिथे ऑक्टेव्हियस कॅटोचा पुतळा आहे. कृष्णवर्णीय शिक्षक होता, वय अवघं 32. 1870 मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला आणि 10 ऑक्टोबर 1871 ला, मतदानाच्याच दिवशी, त्याला गोळ्या घालून मारलं. पुतळा उभा राहायला 2017 उजाडलं. हे सांगतो, कारण आपण या शहरात पहिले नाही. इथे कृष्णवर्णीय वॉर्ड लीडर आणि कमिटीवुमन पिढ्यान्पिढ्या आहेत. तुझ्या गल्लीच्या ब्लॉक कॅप्टनबाईंना, म्हणजे गल्लीची कामं बघणाऱ्या बाईंना, कोणत्या घरात कोण आजारी आहे, कुणाला मतदानाला गाडी लागते, हे तोंडपाठ असतं. आधी त्यांच्याकडे जा, त्यांच्या हाताखाली एक निवडणूक कर. त्यांना वगळून ‘तरुणांचं नवं राजकारण’ सुरू करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात जराही सहानुभूती नाही.

आता तुझ्या आई-बाबांबद्दल. माझा राग त्यांच्या पिढीवर आहे आणि ती माझीही पिढी आहे. मंडळाचा गणपती दणक्यात केला, उमेदवारांना जेवणावळीत बोलावलं, चेक दिले, हार घातले. मत असलेल्या एका जागेवर कुणी बसलं नाही. आणि मग शाळेच्या बजेटसाठी तक्रार करायची वेळ आली की हाताशी फक्त फोटो! काही जण श्री ठाणेदारांकडे बोट दाखवतात. बेळगावातला माणूस 2022 मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसवर निवडून आला, अभिमान वाटतोच. पण त्यांनी प्रचारात स्वतःचा मोठा पैसा घातला होता. तुझ्याकडे तो नाही, तुझ्याकडे तीनशे दारं आहेत. त्यापेक्षा निखिल सावल यांच्याकडे बघ. बंगळुरूहून आलेल्या आई-वडिलांचा मुलगा, 2018 मध्ये दक्षिण फिलाडेल्फियातल्या वॉर्ड क्रमांक 2 चा लीडर झाला, 2020 मध्ये राज्याच्या सेनेटवर. आधी वॉर्ड, मग सेनेट.

माझ्यावर आरोप आहे की मी तरुणांना सतरंज्या उचलायला लावतो. लोक म्हणतात, हवामान, भाडी, पोलिस असे मोठे प्रश्न समोर असताना हा माणूस सह्या मोजायला शिकवतो. हो, शिकवतो. कारण मोर्चा संपल्यावर निर्णय ज्या खोलीत होतो तिथे हात मोजतात, आणि हात वर करण्याचा हक्क दहा सह्यांपासून सुरू होतो. सतरंज्या उचलणाऱ्याला मत नसतं म्हणून त्याचं हसं होतं. ज्याला मत आहे त्याने सतरंजी उचलली तरी वॉर्ड लीडर त्याचा फोन उचलतो.

निवडून आल्यावरचं काम लांबलचक आहे, मुख्य तेवढं सांगतो. आयुक्तांकडून निवडीचं प्रमाणपत्र घेऊन वॉर्डाच्या पहिल्या बैठकीला जा, कारण ‘तुझं नाव आमच्या यादीत नाही’ असं दारातच ऐकायला मिळू शकतं. तुझा वॉर्ड उघडा की बंद ते विचार. उघड्या वॉर्डात पाठिंबा कुणाला द्यायचा हे कमिटीपर्सन मत देऊन ठरवतात, बंद वॉर्डात लीडर ठरवतो आणि त्याने ठरवलेल्या नावांची छापील नमुना मतपत्रिका तुझ्या हातात येते. नियमावलीची प्रत माग. मतदानाच्या दिवसासाठी येणाऱ्या पैशांचा हिशोब माग. पहिल्या बैठकीत नाही मिळणार. दुसऱ्या बैठकीत पुन्हा माग, आणि त्याआधी आणखी चार जणांना तेच मागायला तयार कर.

मतदानाच्या दिवशी केंद्र सकाळी 7 ते रात्री 8 उघडं असतं. प्रचारकाने मतदानाच्या खोलीपासून दहा फूट दूर राहायचं. शहरात मतपत्रिका इंग्रजीखेरीज स्पॅनिश आणि चिनी भाषेत असते, गुजराती, मल्याळम, बंगालीत नाही. ज्या आजींना इंग्रजी वाचता येत नाही त्यांना आपल्या पसंतीचा मदतनीस आत नेण्याचा हक्क आहे, फक्त तो त्यांचा मालक किंवा युनियनचा माणूस नसावा. हे त्यांना आधीच्या आठवड्यात घरी जाऊन सांग, कारण केंद्रावर अडवलं की त्या मान खाली घालून परत जातात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. पोस्टाने मत देणाऱ्यांना दोन पाकिटं असतात. आतल्या पाकिटात न घालता पाठवलेलं मत मोजलंच जात नाही. आणि शेजाऱ्यांचं भरलेलं पाकीट ‘जाता जाता टाकते’ म्हणून तू घेऊन जाऊ नकोस, ज्याचं त्यानेच टाकायचं. अपंग मतदारासाठी वेगळा फॉर्म असतो. तुझा भाऊ 17 वर्षांचा आहे ना? शाळेची आणि घरची परवानगी असेल तर त्याला केंद्रावर मानधनाचं काम मिळू शकतं. अर्ज करायला सांग.

मंडळाचा राजीनामा लिहिण्यात वेळ घालवू नकोस, जाणं थांबव म्हणजे झालं. या आठवड्यात पक्षाची नोंद बदल, डिव्हिजनचा क्रमांक शोध आणि दोन्ही जागांवर कुणाची नावं आहेत ते मला कळव. यादी मिळाली की आपण फोनवर बसून रस्ते लावू. पहिलं भरलेलं पान कुणाला देण्याआधी मला त्याचा फोटो पाठव, तारखेत वर्ष राहून गेलं असेल तर त्याच संध्याकाळी त्या घरी परत जाता येईल.

तुझा,
काका